डेव्हलपर सिनियरशी बोलायचं कसं, विचारायचं काय : मराठवाड्यातल्या नव्या पोरापोरींसाठी

निकाल लागले की दरवर्षी मेसेज सुरू होतात. "दादा कोणता कोर्स करू", "जावा घेऊ का पायथन", "एआयमुळं जॉब राहतील का", आणि सगळ्यात जास्त येतो तो नुसताच "हाय सर". त्या हाय सरला काय उत्तर द्यायचं मला अजून कळलेलं नाही. मी परभणीकडचा, सध्या पुण्यात बॅकएंडचं, म्हणजे ॲपच्या पडद्यामागच्या सर्व्हर-डेटाबेसच्या भागाचं काम करतो, आणि हे सगळं एकदाच लिहून ठेवतोय म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

हे लागतंय कशाला? पुण्यात वाढलेल्या पोराच्या सोसायटीत चार डेव्हलपर राहतात, त्याला गिट म्हणजे काय, रिव्ह्यू म्हणजे काय, नोटीस पिरियड म्हणजे काय हे जिन्यात येताजाता कानावर पडतं. आपल्याकडं वाळूज-शेंद्र्याला कारखाने आहेत, लातूरला क्लासेस आहेत, नांदेडला एसजीजीएस हे इंजिनिअरिंग कॉलेज आहे, पण शेजारच्या घरात कोड लिहून पोट भरणारा माणूस बहुतेकांना सापडत नाही. म्हणून ही बोलणी आपल्याला मुद्दाम ठरवून करावी लागतात, आणि ठरवून करायची तर जरा तयारीनं केलेली बरी.

आधी हाताशी काय पाहिजे

- लॅपटॉप. ८ जीबी रॅमवर शिकण्यापुरतं भागतं, १६ असेल तर उत्तम. नसेल तर कॉलेजची लॅब, पण मग सगळा कोड गिटहबवर (कोड ऑनलाइन ठेवायची वेबसाइट) ठेवायचा, पेनड्राइव्हवर नाही.
- गिटहबचं अकाउंट, नीट नावाचं. "किंगऑफबीड००७" असलं नाव रेझ्युमेवर फार वाईट दिसतं.
- एक चालणारा प्रोजेक्ट. छोटा चालेल, पण स्वतःचा.
- एका पानाचा रेझ्युमे, पीडीएफमध्ये.
- वही आणि पेन. मोबाईलवर नोट्स घेतल्या की समोरच्याला वाटतं हा व्हॉट्सॲप बघायलाय.

कोर्स विकत घेणं या यादीत नाही हे बघून घ्या. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट बघता येतात, पैसे फक्त परीक्षा देऊन सर्टिफिकेट पाहिजे असेल तर. विद्यार्थी असाल तर गिटहबचा स्टुडंट पॅक कॉलेजच्या आयडीवर मिळतो, त्यात बरीच टूल्स फुकट असतात, शेवटच्या वर्षाच्या आधीच घेऊन टाका.

१. माणूस कुठं शोधायचा

लिंक्डइनवर आपल्या कॉलेजचं पान उघडा, तिथं माजी विद्यार्थ्यांची यादी दिसते, त्यात सॉफ्टवेअरवाले वेगळे काढता येतात. तुमच्या कॉलेजमधून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेला माणूस हा पंधरा वर्षं अनुभव असलेल्या आर्किटेक्टपेक्षा तुम्हाला जास्त कामाचा, कारण त्याला नोकरी लागतानाच्या अडचणी ताज्या आठवतात आणि मोठ्या माणसानं शेवटचा फ्रेशर इंटरव्ह्यू दिला तेव्हा जग वेगळं होतं.

आणि आपल्याकडची खास सोय म्हणजे सण. महालक्ष्म्यांना आणि दिवाळीला हिंजवडी, खराडी, मगरपट्टा सगळं रातच्या ट्रॅव्हल्समध्ये बसून गावाकडं येतं. गावातला, पाहुण्यातला, मित्राच्या मोठ्या भावाचा मित्र, कुणीतरी असतोच. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी जाऊन बसू नका, पण भाऊबीज उरकली की परतीच्या तिकिटाच्या आधी एखादा दिवस तो पारावर निवांत सापडतो. त्याच्या आईला सांगून ठेवलं तर अजून पक्कं. पुण्यात त्याच माणसाकडून अर्धा तास काढायला तुम्हाला महिना लागेल.

पोरींसाठी वेगळं सांगतो. अनोळखी माणसाला मेसेज करायला संकोच वाटत असेल तर आधी कॉलेजची एखादी सिनियर ताई शोधा, ती पुढं योग्य माणसाशी जोडून देते. आणि कुणी "नंबर दे, कॉफीला भेटू, जॉबचं बघू" या लाईनीवर आला की बोलणं तिथंच बंद. कामाचं बोलणं लिंक्डइनवर किंवा दिवसाउजेडी व्हिडिओ कॉलवर होतं.

२. पहिला मेसेज

असा नको: "नमस्कार सर मी फ्रेशर आहे मला आयटीमध्ये करिअर करायचे आहे कृपया मार्गदर्शन करा."

याला कुणी उत्तर देत नाही, आणि तो माणूस माजलाय म्हणून नाही. मार्गदर्शन म्हणजे नेमकं काय द्यायचं हेच त्याला कळत नाही.

असा पाहिजे:

"नमस्कार दादा, मी जिंतूरची, परभणीला बीएस्सी कंप्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रासाठी हिशोबाचं छोटं ॲप केलंय, पायथन आणि पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये. माझ्या लॅपटॉपवर बरोबर चालतं, पण ऑनलाइन सर्व्हरवर टाकल्यावर सकाळी साडेपाचच्या आधी आलेलं दूध आदल्या तारखेला लागायलंय. कोडची लिंक देते. मी काय काय करून पाहिलं ते खाली लिहिलंय. या रविवारी वीस मिनिटं मिळतील का?"

हा मेसेज आला की डेव्हलपर माणूस जेवणावरून उठून उत्तर देतो. त्याला गोष्ट दिसते, कोड दिसतो, चूक नेमकी कुठल्या वेळेला होते ते दिसतं, आणि तुम्ही आधी हातपाय मारलेत हेही दिसतं. वीस मिनिटं म्हटलंय, म्हणजे त्याला भीती नाही की हा दोन तास बसेल.

दादा म्हणायचं का सर म्हणायचं यात अडकू नका. गावचा असेल तर दादा-ताई, अनोळखी असेल तर पहिल्यांदा सर-मॅडम. पुण्याच्या कंपन्यांत बहुतेक सगळे एकमेकांना नावानंच हाक मारतात, तो "नाव घेऊन बोल रे" म्हणाला की नाव घ्यायचं, लाजायचं नाही.

उत्तर नाही आलं तर आठवड्यानं एकदा आठवण करायची. दोनदा नाही. आणि "सर प्लीज रिप्लाय" तर कधीच नाही.

३. मत विचारू नका, काम विचारा

बहुतेकांचं इथंच फसतं. "स्कोप कशात आहे?" हा प्रश्न दहा जणांना विचारा, दहा उत्तरं मिळतील, आणि प्रत्येकजण आपण जे करतो त्यातच स्कोप आहे असं सांगेल. माणसाला मत विचारलं की तो भाषण देतो, काम विचारलं की खरं सांगतो. मी स्वतः हे सिनियर लोकांवर वापरून बघितलंय, फरक जमीन-अस्मानाचा.

हे विचारा:

- काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत नेमकं काय काय केलं?
- शेवटचा बग (कोडमधली चूक) कुठला होता, आणि तो सापडला कसा?
- कोड रिव्ह्यूमध्ये (तुमचा कोड सहकारी तपासतात तेव्हा) तुम्हाला शेवटची कमेंट काय आली?
- नवीन पोरगं टीममध्ये आलं तर पहिल्या महिन्यात कशात अडकतं?
- दिवसातला किती वेळ कोड लिहिण्यात जातो आणि किती दुसऱ्याचा कोड वाचण्यात?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकून पोरं चकित होतात. वाचण्यातच जास्त जातो. मीटिंगमध्ये जातो तो वेगळाच.

४. बोलताना जी नावं कानावर येतील

नावं ऐकून घाबरायचं नाही आणि सगळी शिकायलाही बसायचं नाही. थोडक्यात ओळख करून देतो म्हणजे मान हलवण्यापुरतं तरी कळेल.

गिट आणि गिटहब एक नाहीत. गिट हे २००५ मध्ये लिनस टोरवाल्डस यांनी लिनक्सच्या कामासाठी बनवलेलं टूल, कोडमध्ये कुणी कधी काय बदललं याची नोंद ते तुमच्याच लॅपटॉपवर ठेवतं, नेट लागत नाही. गिटहब ही २००८ पासूनची वेबसाइट, जिथं ती नोंद ऑनलाइन ठेवून चारजण मिळून काम करतात, २०१८ मध्ये ती मायक्रोसॉफ्टनं घेतली. इंटरव्ह्यूत हा फरक विचारतात. कमिट (बदलाची नोंद), ब्रँच (कोडची वेगळी फांदी), मर्ज (फांद्या एकत्र करणं), पुल रिक्वेस्ट (माझा बदल घ्या ही विनंती) एवढं हातानं करता आलं पाहिजे. मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोघांचे बदल एकमेकांना आडवे येणं, मुद्दाम तयार करून सोडवून बघा, मित्राला बसवा बाजूला, दोघांनी एकाच फाइलची एकच ओळ बदला. अर्ध्या तासाचं काम आहे आणि सहा महिन्यांची भीती जाते.

एडिटर म्हणून व्हीएस कोड, २०१५ मध्ये आलेलं, फुकट. यावर वाद घालणारे लोक भेटतील, हसून सोडून द्या.

टर्मिनल म्हणजे ती काळी खिडकी. सर्व्हर बहुतेक लिनक्सवर चालतात आणि तिथं माऊस नसतो, त्यामुळं फोल्डर बदलणं, फाइल शोधणं, लॉग (प्रोग्रॅमनं लिहून ठेवलेल्या नोंदी) वाचणं हे तिथं आलं पाहिजे.

डॉकर हे २०१३ चं. "माझ्या मशीनवर तर चालतंय" या भांडणावर काढलेला उपाय. कोड आणि त्याला लागणारं सगळं सामान एकत्र बांधून दुसरीकडं तसंच चालवता येतं. ८ जीबीच्या लॅपटॉपवर विंडोजमध्ये ते धापा टाकतं, त्यामुळं सुरुवातीला नाही केलं तरी चालेल.

रिॲक्ट २०१३ चं, टाइपस्क्रिप्ट २०१२ चं, फ्रंटएंडला, म्हणजे ॲपच्या दिसणाऱ्या भागाला जायचं असेल तर दोन्ही येतील, पण त्याच्याआधी साधी जावास्क्रिप्ट. उलट्या क्रमानं शिकलेली पोरं इंटरव्ह्यूत लगेच ओळखू येतात.

एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, तिच्याकडं मात्र आपली पोरं बघतच नाहीत. सत्तरच्या दशकात आयबीएममध्ये जन्मलेली भाषा, जुनाट वाटते, रील बनवण्यासारखी नाही. पण बँक असो, दवाखाना असो, दूध संघ असो, शेवटी हिशोब टेबलातच पडतो आणि तो बाहेर काढायला हीच लागते. जॉइन (दोन टेबलं जोडणं), ग्रुप बाय (गटवार बेरीज-मोजणी), इंडेक्स (पटकन शोधायची सोय) या तीन गोष्टी ज्याला नीट येतात तो फ्रेशरच्या रांगेत आपोआप चार जागा पुढं सरकतो, असं माझं मत आहे आणि मी ते बदलणार नाही.

टेस्ट (कोड तपासणारा कोड), सीआय (ती तपासणी आपोआप चालवणं), डिप्लॉयमेंट (कोड सर्व्हरवर चढवणं) ही नावं येतील तेव्हा समोरच्याला म्हणा "तुमच्या टीममध्ये कोड लिहिल्यापासून गिऱ्हाइकापर्यंत कसा जातो ते सांगा ना". तो कागदावर काढून दाखवेल. तो कागद जपून ठेवा.

५. एआयचं काय

हा विषय निघणारच. कोड सुचवणारं गिटहबचं कोपायलट २०२१ मध्ये दिसायला लागलं, चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, आणि आता कर्सर, क्लॉड कोड असली टूल्स आलीत जी नुसतं सुचवत नाहीत तर स्वतः फाइली बदलतात, कमांड चालवतात, टेस्ट पास होईपर्यंत खटपट करतात. पुण्यातल्या कितीतरी टीम रोज हे वापरतात. तेव्हा "एआय वापरणं म्हणजे कॉपी" असं तुमचे कॉलेजचे सर म्हणत असतील तर त्यांचं कॉलेजपुरतं ऐका.

पण "नोकऱ्या राहतील का" हा प्रश्न सिनियरला विचारून काही हाती लागत नाही. त्यापेक्षा हे विचारा: तुम्ही कुठलं काम एआयला देता आणि कुठलं देत नाही? त्यानं लिहिलेला कोड कोण तपासतं? शेवटचं ते कुठं चुकलं?

वरच्या दुधाच्या ॲपचंच बघा ना. लॅपटॉपची वेळ भारताची, क्लाउडवरचा सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवर (जगाची प्रमाण वेळ), म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. सकाळी पाचला पातेलं घेऊन माणूस केंद्रावर आला तेव्हा सर्व्हरच्या घड्याळात आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, म्हणून दूध कालच्या तारखेत. आता हे एआयला दोन ओळीत सांगितलं तर ते पटकन एक उपाय देऊ शकतं: वेळेत साडेपाच तास मिळवा. सर्व्हरवर झालं बरोबर. पण तोच कोड लॅपटॉपवर चालवला की संध्याकाळी साडेसहानंतरचं दूध उद्याच्या तारखेला पडतं, कारण तिथं वेळ आधीच भारताची होती, तिच्यात वर साडेपाच तास घातले. खरा उपाय म्हणजे वेळ टाइमझोनसकट साठवायची आणि तारीख काढताना एशिया-कोलकाता झोनमध्ये बदलून काढायची. हाही उपाय एआय देतं, अगदी नीट देतं, पण "सर्व्हर कुठल्या वेळेवर चालतोय" हे तुम्ही त्याला सांगितलं तर. ते तुम्हाला सुचलं पाहिजे. आणि संध्याकाळच्या दुधाची एंट्री टाकून बघायचं डोक्यात यायला केंद्रावर संध्याकाळी पण दूध येतं हे माहीत असावं लागतं, जे तुम्हाला माहीत आहे.

यातले खड्डे पटापट सांगतो. कंपनीचा किंवा क्लायंटचा कोड परवानगीशिवाय बाहेरच्या चॅटमध्ये टाकू नका, इंटर्न असलात तरी. एआय कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या लायब्ररीचं (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) नाव ठोकून देतं, इन्स्टॉल करायच्या आधी ती खरी आहे का बघा, कारण असल्या नावानं मुद्दाम घातक पॅकेज टाकून ठेवणारे लोक पण आहेत. पासवर्ड आणि एपीआय की (दुसऱ्याची सेवा वापरायची गुप्त किल्ली) कोडमध्ये लिहून गिटहबवर ढकलू नका. गेलीच चुकून, तर फाइल डिलीट करून भागत नाही, ती जुन्या कमिटमध्ये राहते, ती की रद्द करून नवीन घ्यावी लागते. आणि इंटरव्ह्यूत तुमच्याच प्रोजेक्टची एखादी ओळ दाखवून "ही का लिहिली" विचारतात. सांगता आलं नाही तर प्रोजेक्ट कितीही चकाचक असो, गेला.

६. पैसा, बॉण्ड आणि एजंट

पगार थेट विचारू नका, "फ्रेशरला तुमच्याकडं साधारण काय रेंज असते" असं विचारलं की लोक मोकळेपणानं सांगतात. सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) आणि हातात येणारा पगार वेगळा असतो. सीटीसीत कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल (कामगिरीवर कमी-जास्त होणारा भाग) सगळं धरलेलं असतं, म्हणून आकड्याला बारानं भागून घरी सांगू नका, पहिल्या महिन्याला वडील विचारतात बाकीचे कुठं गेले.

सर्व्हिस कंपनी दुसऱ्यांची कामं करते, प्रॉडक्ट कंपनी स्वतःचं सॉफ्टवेअर विकते. पहिलीत फ्रेशरची भरती मोठी, ट्रेनिंग मिळतं, पण कुठला प्रोजेक्ट पदरात पडेल हे हातात नसतं. दुसरीत शिरायला अवघड. स्टार्टअपमध्ये शिकायला भरपूर आणि पगार वेळेवर होतो का ते तिथल्या माणसालाच विचारायचं. नोटीस पिरियड (राजीनामा दिल्यावर थांबावं लागतं ते दिवस) विचारा, कितीतरी ठिकाणी ९० दिवसांचा असतो.

आता हे नीट वाचा. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरांच्या अवतीभवती "दोन लाख भर, बॅकडोअर लावतो" (मागच्या दारानं नोकरी) किंवा "तीन वर्षांचं एक्सपिरियन्स लेटर करून देतो" म्हणणारे हिंडत असतात. कंपन्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करतात, पीएफच्या यूएएनवर (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) तुम्ही कुठं किती दिवस होता ते दिसतं, खोटं असेल तर जॉइन झाल्यावर सहा महिन्यांनी पण काढतात आणि ते पुढं नडतं. नोकरी देतो म्हणून पैसे मागणारा, ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेणारा, साध्या जीमेलवरून ऑफर लेटर पाठवणारा, या तिघांपासून लांब. बॉण्ड (ठराविक मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायचा करार) असेल तर सही करायच्या आधी रक्कम आणि मुदत वाचा, आणि त्याच कंपनीतून बाहेर पडलेला एखादा माणूस शोधून विचारा. हे विचारायला लाज कसली.

७. प्रत्यक्ष बोलताना

मराठीत बोला. "काय करायलास, कुठं अडकलास" असंच तोही विचारेल. इंग्रजीची तयारी वेगळी करा, ती लागतेच, इंटरव्ह्यू आणि क्लायंट कॉल इंग्रजीतच असतात, पण शिकायचं बोलणं ज्या भाषेत डोकं चालतं त्यात झालेलं बरं.

स्क्रीन शेअर करायच्या आधी प्रोजेक्ट चालू करून ठेवा, अक्षर मोठं करा, व्हॉट्सॲप वेब बंद करा. लाइट जाणार असेल तर मोबाईलचा हॉटस्पॉट तयार. एररचा मेसेज वाचून दाखवा, पूर्ण, शेवटच्या ओळीपर्यंत, "काहीतरी लाल आलंय" असं नाही. कळलं नाही तर लगेच म्हणा कळलं नाही. हो हो करत गेलेल्या पोराला पुन्हा कुणी वेळ देत नाही.

वीस मिनिटं झाली की तुम्हीच थांबा. तो म्हणाला चालू दे तर चालू द्या.

८. नंतर, आणि रेफरल मागताना

त्यानं जे करायला सांगितलं ते करून आठवड्याभरात कळवा: "दादा, टाइमझोनचंच होतं, दुरुस्त केलं, हा कमिट." हे फार कमी जण करतात. ज्यांनी केलं त्यांची नावं मला अजून पाठ आहेत.

रेफरल, म्हणजे त्यानं आपल्या कंपनीत तुमचं नाव सुचवणं, पहिल्याच दिवशी मागू नका, दोन-तीन बोलणी झाल्यावर मागा. मागताना एकाच मेसेजमध्ये सगळं द्या: कंपनीच्या वेबसाइटवरचा जॉब आयडी, रेझ्युमेची पीडीएफ, गिटहबची लिंक, आणि तुमच्याबद्दल चार ओळी ज्या तो तशाच पुढं चिकटवू शकेल. "सर कुठं पण लावा" असं म्हटलं की तो कुठंच लावत नाही.

आणि कागदपत्रं आत्ताच काढून ठेवा, ऑफर आल्यावर धावपळ होते. दहावी-बारावीची मार्कशीट, सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, डिग्री सर्टिफिकेट किंवा तोपर्यंत प्रोव्हिजनल, आधार, पॅन, बँकेचं पासबुक, आणि मधे वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट. सगळ्यांवरचं नाव जुळवून बघा. आपल्याकडं मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच, असं सर्रास असतं आणि व्हेरिफिकेशन त्यावरच अडकतं. आधार आणि पॅनची दुरुस्ती मार्कशीटच्या मानानं सोपी, म्हणून दहावीच्या मार्कशीटवरचं नाव धरा आणि बाकी सगळं त्याला जुळवून घ्या.